नव्या परिचारिकेच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसायचा?

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यासारख्या वस्तीत दुकानांच्या वरच्या मजल्यांवर थाटलेली दहा-वीस खाटांची रुग्णालये आढळतात. त्यांतील एखाद्याच्या दारावर 'स्टाफ नर्स पाहिजे' अशी पाटी असते आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत 'अनुभव नसला तरी चालेल' अशी पुस्ती जोडलेली असते. पाटी उतरते आणि काही महिन्यांनी पुन्हा लागते. मुंबईच्या उत्तरेकडील उपनगरांत राहणाऱ्यांना हे दृश्य इतके परिचयाचे झाले आहे, की त्यातील विसंगती कोणाच्या लक्षातही येत नाही.

जी वस्तू दुर्मिळ, तिची किंमत चढी, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ. भारतात दर हजार लोकसंख्येमागे सुमारे १.७ परिचारिका आहेत आणि त्या किमान ३ असाव्यात, हे आकडे आरोग्यविषयक चर्चांतून वारंवार मांडले जातात. एवढी टंचाई असेल, तर नुकतीच नोंदणी झालेली परिचारिका हातोहात उचलली जावयास हवी आणि तिला पगारही चांगला मिळावयास हवा. प्रत्यक्षात तिला मिळेल त्या पगारावर, मिळेल त्या पाळीत काम पत्करावे लागते. एकाच बाजारात टंचाई आणि स्वस्ताई हातात हात घालून नांदतात, हे कसे?

या कोड्याचे उत्तर असे, की टंचाई खऱ्या अर्थाने आहे ती अनुभवी परिचारिकांची. नव्यांची रांग दारात उभीच असते. नवीला अनुभवी करणारा जो वर्ष-दोन वर्षांचा काळ, त्याची जबाबदारी मात्र आपल्या व्यवस्थेत कोणीही अंगावर घेतलेली नाही. शिक्षणसंस्थेच्या लेखी तो काळ अभ्यासक्रमानंतरचा. रुग्णालयाच्या लेखी तो नोकरीचा. आणि शासनाच्या लेखी तो अस्तित्वातच नाही.

परवाना आणि पात्रता

परिचर्येच्या शिक्षणाची चौकट कागदावर तरी सुस्पष्ट आहे. बारावीनंतर तीन वर्षांचा जी.एन.एम. हा पदविका अभ्यासक्रम किंवा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी पूर्ण केल्यावर, १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमान्वये महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी झाली, की ती व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने पूर्ण परिचारिका ठरते. काल विद्यार्थिनी असलेली मुलगी आज 'सिस्टर' होते. हल्ली या व्यवसायात मुलगेही येऊ लागले आहेत. त्यांची कथा यापेक्षा वेगळी नाही.

नोंदणीचे प्रमाणपत्र एवढेच सांगते, की या व्यक्तीने ठरावीक अभ्यास केला आणि ती परीक्षेत उत्तीर्ण झाली. ते खोटे नाही. पण ते अपुरे आहे. वैद्यकाचा विद्यार्थी अखेरची परीक्षा उत्तीर्ण झाला तरी त्याला एक वर्ष आंतरवासी म्हणून ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काढावे लागते. तोवर त्याची नोंदणीही तात्पुरतीच असते. परीक्षा आणि स्वतंत्र व्यवसाय यांच्यामध्ये एक उंबरठा असावयास हवा, हे तेथे कायद्याने मान्य केले आहे. परिचर्येच्या अभ्यासक्रमांतही आंतरवासितेचा काळ आहे, तथापि तो अभ्यासक्रमाच्या पोटातच सामावलेला आहे. अनेक ठिकाणी त्याचा उपयोग शिकविण्यापेक्षा वॉर्डातील मनुष्यबळाची तूट भरून काढण्यासाठीच होतो, ही तक्रारही जुनीच आहे. नोंदणीनंतर मात्र उंबरठा असा नाहीच. थेट रात्रपाळी आहे.

पहिल्या रात्रपाळीचा अर्थ

समजा, जव्हार किंवा विक्रमगडकडील एखादी मुलगी जी.एन.एम. पूर्ण करून विरारमध्ये नोकरीस लागली. पहिले चार-सहा दिवस ती कोणा जुन्या सिस्टरच्या मागे फिरते. मग कोणीतरी रजेवर जाते आणि हिची रात्रपाळी लागते. मजल्यावर पंधरा-वीस रुग्ण, मदतीला एक मावशी, खालच्या मजल्यावर झोपलेला आर.एम.ओ. आणि मुख्य डॉक्टर फोनवर. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक, तर अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावयास हवी. हे प्रमाण तिने परीक्षेत लिहिलेले असते.

आता तिच्यापुढे येणारे प्रश्न पाठ्यपुस्तकातील नसतात. पाळी बदलताना मिळालेल्या 'ओव्हर'मध्ये जे सांगितले गेले नाही, ते तिने ओळखायचे असते. इन्शुलिनची बाटली एका मिलिलिटरला ४० युनिटांची आणि हाती आलेली सिरिंज १०० युनिटांसाठी आखलेली, हा फरक तिच्या ध्यानात आला नाही, तर मात्रा चुकते. पोटॅशियम क्लोराईडचे इंजेक्शन पातळ न करता शिरेत गेले, तर हृदय बंद पडू शकते. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण अस्वस्थ आहे, श्वास थोडा जलद आहे. हे दुखण्यामुळे की आत रक्तस्राव सुरू आहे? मध्यरात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवावे की सकाळपर्यंत थांबावे? उठविले आणि काही नसले, तर बोलणी खावी लागतात. न उठविले आणि काही असले, तर रुग्ण हातचा जातो. शिवाय समोरचा रुग्ण गुजराती बोलतो, त्याचा मुलगा हिंदीत आवाज चढवतो, आणि हिची स्वतःची घरची बोली वारली असते.

या अवस्थेचा अभ्यास इतरत्र अर्धशतकापूर्वीच झालेला आहे. मार्लिन क्रॅमर या अमेरिकन विदुषीने १९७४ साली नव्या परिचारिका व्यवसाय का सोडतात, याचा शोध घेणारे पुस्तक लिहिले आणि या अनुभवास वास्तवाचा धक्का असे नाव दिले. शाळेत मनावर बिंबविलेली सेवेची मूल्ये आणि वॉर्डात चालणारी कामे उरकण्याची रीत यांच्या टकरीतून हा धक्का बसतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. दहा वर्षांनी, १९८४ साली, पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिकेपणापासून तज्ज्ञतेपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. बुद्धिबळपटू आणि विमानचालक कौशल्य कसे कमावतात, या ड्रायफस बंधूंच्या विवेचनावर त्यांची मांडणी आधारलेली होती. नवशिकी नियम पाळते. अनुभवी परिस्थिती वाचते. एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे काढल्यावर परिचारिका त्या कामात सक्षम होते, असे बेनर यांचे म्हणणे. ही मधली वर्षे वगळून कोणीही पुढे जाऊ शकत नाही. प्रश्न एवढाच, की ती वर्षे ज्येष्ठ परिचारिकेच्या सोबतीने जावीत की एकटीने, रुग्णांच्या जिवावर?

शिकवील तो बुडेल

मग रुग्णालये नव्या परिचारिकेला नीट का शिकवीत नाहीत? ती निर्दय आहेत म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली 'मानवी भांडवला'वरील आपल्या ग्रंथात या प्रश्नाचे मूळ दाखवून दिले होते. जे कौशल्य केवळ एका कारखान्यातच उपयोगी पडते, ते शिकविण्यासाठी मालक पैसा खर्च करील. जे कौशल्य कोठेही चालते, ते शिकविण्यात मालकाचे हित नाही. कारण शिकलेला कामगार उद्या अधिक पगाराच्या ठिकाणी जाईल आणि खर्चाचे फळ दुसराच चाखील. अशा कौशल्याचा खर्च अखेर कामगारच कमी पगाराच्या रूपाने सोसतो.

परिचर्येचे कौशल्य पूर्णपणे दुसऱ्या प्रकारचे आहे. विरारमध्ये शिकलेला हात बोरिवलीत चालतो, दादरला चालतो, दुबईत आणि लंडनमध्येही चालतो. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटरचे. लोकलचा पास काढला, की मुंबईतील मोठी रुग्णालये आवाक्यात येतात. वर्ष-दीड वर्षात हात बसला, की परिचारिका त्या गाडीत चढते. त्यात तिचे काही चुकत नाही. परिणाम मात्र असा होतो, की मनवेलपाड्यातील लहान रुग्णालय हे मोठ्या रुग्णालयांची बिनपैशाची तालीम बनते. त्याच्याकडे नेहमी नवीच परिचारिका असते आणि तिला शिकवू शकेल अशी जुनी परिचारिका कधीच टिकत नाही. पाटी पुन्हा पुन्हा का लागते, याचे कारण येथे आहे.

लहान रुग्णालयाच्या चालकाची बाजूही समजून घ्यावयास हवी. त्याचे रुग्ण रिक्षाचालक, कारखान्यातील कामगार, फेरीवाले. बहुतेकांना बिल खिशातूनच भरायचे असते. ज्येष्ठ परिचारिकेला केवळ शिकविण्यासाठी मोकळे ठेवायचे, तर तिचा पगार खाटेच्या भाड्यावर चढणार आणि तो या वस्तीला पेलणारा नाही. या पेचातून काही ठिकाणी जे उपाय निघाले, ते मात्र समर्थनीय नाहीत. नोकरी देताना एक-दोन वर्षांचा बाँड लिहून घेणे, मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे, सोडून जायचे तर मोठी रक्कम भरावयास लावणे, हे प्रकार देशभर बोकाळले होते. त्यांविरुद्ध आणि अपुऱ्या वेतनाविरुद्ध २०११-१२ च्या सुमारास दिल्ली, मुंबई, केरळ अशा अनेक ठिकाणी परिचारिकांनी संप केले. प्रशिक्षणावर झालेला खर्च वसूल करणे हे बाँडचे एकमेव तर्कशुद्ध समर्थन होऊ शकते. जेथे प्रशिक्षणच दिले गेले नाही, तेथे वसूल काय करायचे? १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलमही वाजवी भरपाईपुरतेच आहे. ते दंड उकळण्याचा परवाना देत नाही.

वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया या संघटनेच्या याचिकेवर न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी समिती नेमण्याचा आदेश दिला. या समितीने २०० हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयांत सरकारी वेतनाइतके वेतन, १०० ते २०० खाटांच्या ठिकाणी त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी फार तर २५ टक्के कमी, आणि ५० खाटांहून लहान रुग्णालयांत दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. त्यानंतर केंद्राने राज्यांकडे पत्रे धाडली. परंतु शिफारस म्हणजे कायदा नव्हे. मनवेलपाड्यातील रुग्णालये शेवटच्या गटात मोडतात, आणि या गटापर्यंत शिफारशीचा प्रकाश सर्वांत उशिरा पोहोचतो.

किंमत चुकवतो कोण?

शिकण्याचा खर्च कोणी मोजला नाही, म्हणून तो नाहीसा होत नाही. तो सर्वांत दुबळ्यांच्या माथी पडतो. एक वाटा नवी परिचारिका कमी पगार, अपुरी झोप आणि सततची धास्ती यांच्या रूपाने भरते. दुसरा वाटा रुग्ण भरतो, आणि आपण तो भरत आहोत हे त्याला ठाऊकही नसते.

२०२१ या एका वर्षाने हे भीषण रीतीने दाखवून दिले. ९ जानेवारीस भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षास आग लागून दहा अर्भके दगावली. २३ एप्रिलच्या पहाटे तीनच्या सुमारास विरारमधील एका खाजगी कोविड रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि तेरा रुग्णांचा त्या दिवशी अंत झाला. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अकरा रुग्ण गेले. या दुर्घटनांची कारणे वेगवेगळी होती आणि ती परिचारिकांच्या नवखेपणात शोधणे अन्यायाचे होईल. परंतु दोन गोष्टी त्यांतून स्पष्ट झाल्या. संकटाच्या क्षणी रुग्णाजवळ जी व्यक्ती असते, ती बहुधा परिचारिकाच असते. प्राणवायूचा नळ कोठे बंद करायचा, प्रथम कोणाला हलवायचे, हे तिला पहिल्या दिवशीच दाखविलेले असावयास हवे. आणि दुसरी गोष्ट अशी, की जबाबदारी ठरविण्याची वेळ आली, की कारवाईची कुऱ्हाड खालच्या पायरीवर चटकन कोसळते. भंडाऱ्यात कंत्राटी परिचारिकांची सेवा संपविण्यात आली. अहमदनगर प्रकरणात परिचारिकांना अटकही झाली. जबाबदारी पूर्ण आणि तयारी अर्धी, असा हा व्यवहार आहे.

जुनी रीत, नवी गरज

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. समाज या कामाकडे तुच्छतेने पाहत असताना त्या स्त्रियांच्या पाठीशी एक संस्था उभी राहिली. पुढे सरकारी व मिशनच्या रुग्णालयांतील परिचारिका विद्यालयांतही हीच रीत चालली: मुलगी वसतिगृहात राहायची, त्याच रुग्णालयात शिकायची, बहुधा तेथेच नोकरीस लागायची, आणि वॉर्डाची परिसेविका तिची कामावरची अधिकारीही असायची आणि गुरूही. त्या शिस्तीत जाच होता, हे नाकारता येत नाही. पण नवी मुलगी एकटी नव्हती. शिक्षणसंस्था आणि नोकरीचे ठिकाण यांची फारकत होत गेली, तशी ही साखळी तुटली. तुटलेल्या साखळीच्या जागी दुसरे काही उभे करणे मात्र राहून गेले.

अन्य देशांनी ते केले. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकापासून नव्या परिचारिकेला पहिले काही महिने ठरवून दिलेल्या ज्येष्ठ मार्गदर्शिकेच्या हाताखाली काम करू देण्याचा प्रघात पडला. अमेरिकेत २००२ पासून विद्यापीठीय रुग्णालयांत नव्या पदवीधरांसाठी वर्षभराचा निवासी डॉक्टरांसारखा कार्यक्रम सुरू झाला. जपानने २०१० पासून नव्या परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी झटणे हे कायद्याने रुग्णालयांचे कर्तव्य ठरविले. हे श्रीमंत देशांचे लाड आहेत, असे म्हणून चालणार नाही. अनुभवी हात गमावणे परवडत नाही, हा हिशोब त्यांनी केला इतकेच. आणि ज्या देशात हात मुळातच कमी आहेत, त्याने तर तो अधिक काटेकोरपणे करावयास हवा.

करता येण्याजोगे

जेथे प्रत्येक रुग्णालयाचे हित न शिकविण्यात आहे आणि सर्वांचे मिळून हित शिकविण्यात आहे, तेथे खर्च वाटून घेणे हाच मार्ग उरतो. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली. वसईचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि नालासोपाऱ्याचे तुळिंज रुग्णालय ही तिची रुग्णालये. त्यांपैकी एकात परिसरातील लहान रुग्णालयांच्या नव्या परिचारिकांसाठी काही आठवड्यांचे सामाईक प्रशिक्षण का चालवू नये? समजा, मनवेलपाडा आणि आसपासच्या दहा रुग्णालयांनी मिळून एका अनुभवी परिचारिकेचा पगार उचलला. तिने आळीपाळीने प्रत्येक ठिकाणी जावे, नव्यांचे काम पाहावे, त्यांच्या शंका सोडवाव्यात. एका रुग्णालयाला जो भार असह्य, तो दहांत वाटला तर दशांश होतो. सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या परिसेविका आणि पाठ्यनिर्देशिका जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांच्या अनुभवाचा याहून चांगला उपयोग कोणता?

शासनाच्या वाट्याचे कामही अवघड नाही. कारखान्यांतील उमेदवारांसाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, आणि २०१६ च्या राष्ट्रीय योजनेनुसार उमेदवाराच्या विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपयांपर्यंतचा, भाग केंद्र सरकार उचलते. लेथवर हात बसविणाऱ्या मुलासाठी जे तत्त्व मान्य झाले, ते रुग्णाच्या शिरेत सुई घालणाऱ्या मुलीसाठी अमान्य असण्याचे कारण नाही. मात्र ही मदत पुऱ्या पगारावर भर म्हणून मिळावी. 'शिकाऊ' या नावाखाली पगार आणखी कापण्याची सबब होऊ नये. आणि ती मिळविणाऱ्या रुग्णालयावर तीन साधी बंधने असावीत: पहिले सहा महिने नव्या परिचारिकेला एकटीने रात्रपाळी नको, अतिदक्षता विभागाचा स्वतंत्र ताबा नको, आणि मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे नको. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९ चा कायदा पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण असावे असे आजही सांगतो; तपासणीच्या वेळी त्या परिचारिकांपैकी किती पहिल्या वर्षातील आहेत आणि त्यांच्यावर देखरेख कोणाची, हे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ साधेल. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या कायद्याने परिचर्येचे शिक्षण व सेवा यांचे दर्जे ठरविण्यासाठी राष्ट्रीय आयोग योजिला आहे. शिक्षण आणि सेवा यांच्यामधील या पहिल्या वर्षाचा दर्जा ठरविणे हे त्याचे अगत्याचे काम ठरावे.

दरवर्षी १२ मे रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी परिचारिकांच्या त्यागाचे गोडवे गायिले जातात. त्याग हा शब्द ऐकावयास गोड असला, तरी हिशोबाच्या वहीत त्याचा अर्थ एवढाच, की कोणाचे तरी देणे राहिले आहे. मनवेलपाड्यातील एखाद्या रुग्णालयात आज रात्री एक नवी मुलगी वीस रुग्णांची पाळी सांभाळीत असेल. तिने प्रश्न विचारावा अशी एक जाणती परिचारिका तिच्याजवळ असावी, एवढीच तिची आणि त्या वीस जणांची निकड आहे. त्या जाणत्या परिचारिकेचा पगार वेळेवर मोजणे हे समाजाला महाग वाटत असेल, तर तो न मोजण्याची किंमतही त्याने एकदा हिशोबात धरून पाहावी.